अर्धा आणि पाव : पांचवीच्या वर्गांतील एक आठवडा

सायंकाळीं खांद्यावरचें दप्तर उतरवीत मूल घरांत शिरतें आणि आई विचारते, "आज शाळेंत काय शिकलास?" उत्तर बहुधा ठरलेलें असतें : "कांहीं नाहीं." हें ऐकून पालक कष्टी होतात, परंतु त्यांत मुलाचा लबाडपणा नसतो. नवी गोष्ट एका दिवसांत शिकून होत नाहीं. ती मनांत रुजावयास कांहीं दिवस जावे लागतात. ते दिवस वर्गांत कसे जातात, हें पाहण्यास पांचवीच्या गणितांतील अपूर्णांकांचें उदाहरण सोयीचें आहे.

सोमवारीं शिक्षक फळ्यावर 'एक छेद चार' आणि 'एक छेद आठ' असे दोन अपूर्णांक लिहितात व यांतील मोठा कोणता, असें विचारतात. पुष्कळ हात 'एक छेद आठ' च्या बाजूनें वर होतात. याचें कारण उघड आहे. आठ हा आंकडा चारापेक्षां मोठा, हेंच मूल चार वर्षें शिकत आलेलें असतें. कालचें खरें ज्ञान आज वाट अडवितें. जाणता शिक्षक येथें नुसतें "चूक" म्हणून पुढें जात नाहीं. तो कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या प्रत्येकाच्या हातीं देतो. एक पट्टी दोनदां दुमडली कीं चार भाग होतात; दुसरी तीनदां दुमडली कीं आठ. भाग वाढले तसा एकेक भाग लहान झाला, हें मुलाच्या बोटांना कळतें.

मंगळवारीं त्याच पट्ट्या शेजारीं शेजारीं ठेवल्या जातात. एक छेद दोन, दोन छेद चार आणि चार छेद आठ यांची लांबी एकच भरते. नांवें तीन, पण वस्तु एक. यासच सममूल्य अपूर्णांक म्हणावयाचें.

बुधवारीं बेरीज येते आणि आठवड्यांतील खरा प्रसंग उभा राहतो. "अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून किती?" असें विचारतांच सारा वर्ग एका स्वरांत "पाऊण!" म्हणून ओरडतो. तीच बेरीज आंकड्यांत मांडावयास सांगितली, कीं कित्येक वह्यांत उत्तर येतें 'दोन छेद सहा'. अंशांत अंश मिळविला, छेदांत छेद मिळविला! दोन छेद सहा म्हणजे एक तृतीयांश. म्हणजे अर्ध्यांत पाव घातल्यावर हातीं अर्ध्याहूनही कमी उरलें. तोंडाला जें कळतें तें हाताला कळत नाहीं. शिक्षक तें उत्तर पुसून टाकीत नाहीं; 'पाऊण' आणि 'दोन छेद सहा' हीं दोन्ही उत्तरें फळ्यावर राहूं देतो.

गुरुवारीं या दोन उत्तरांचा वाद वर्गांत रंगतो. कोणी पट्ट्या काढून मोजतें, कोणी चित्र काढतें. अर्धा म्हणजेच दोन पाव, हें मंगळवारचें ज्ञान अखेर कोणाला तरी आठवतें, आणि दोन पाव व एक पाव मिळून तीन पाव, म्हणजे पाऊण, हा उलगडा होतो. समच्छेद करण्याचा नियम आतां वरून आलेला हुकूम राहत नाहीं. ती वर्गाला स्वतःला पडलेली गरज ठरते.

शुक्रवार सरावाचा. जर्मन संशोधक एबिंगहाउस यानें १८८५ सालीं आपल्याच स्मरणशक्तीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलें आरंभीं झपाट्यानें विसरतें, आणि मध्यें अवकाश ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, असें त्याला आढळलें. म्हणून शनिवारीं, सकाळच्या शाळेंत, पट्ट्या बाजूला ठेवून शिक्षक नवें उदाहरण घालतो : एक छेद तीन अधिक एक छेद सहा. बहुतेकांचें उत्तर 'अर्धा' असें बरोबर येतें. पण मागच्या बाकावरचा एखादा मुलगा पुन्हा 'दोन छेद नऊ' लिहितो.

या मुलाचें पुढें काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिलें आहे. रोज चाळीस मिनिटें धरलीं, तर सहा दिवसांत गणिताच्या वांट्याला चार घड्याळी तास येतात. पुढचा पाठ वाट पाहत असतो. शतमान, गुणोत्तर, बीजगणित हे सर्व मजले याच पायावर चढावयाचे असतात. एवढासा गैरसमज तसाच राहिला, तर दोन वर्षांनीं तोच मुलगा "मला गणित येत नाहीं" म्हणूं लागतो आणि सर्वजण तें खरें मानतात.

येथें घराचा उपयोग आहे. पूर्वीं मुलें पावकी, निमकी, पाऊणकी पाठ म्हणत. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं येईपर्यंत रुपयाचे आणे सोळा होते, आणि चार आणे म्हणजे पाव रुपया, हा धडा बाजारांतच मिळे. २०११ सालीं पंचवीस पैशांचें नाणेंही चलनांतून गेलें. तरी पाव किलो साखर, अर्धा लिटर दूध आणि पाऊण तास आजही घरोघर आहेत. तेव्हां "आज काय शिकलास?" याऐवजीं, "अर्धा किलो आणि पाव किलो मिळून किती, आणि तें कागदावर कसें लिहिशील?" असें विचारून पाहावें. उत्तर चुकलें तर रागावूं नये, "मग तें अर्ध्याहून कमी कसें झालें?" एवढेंच विचारावें. मूल क्षणभर थांबेल. त्या थांबण्यांतच शिकणें असतें.