वर्गातील शिस्त आणि शिक्षकांचे सहाध्ययन

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस, हुणसूरच्या रस्त्यावर, हूटगळ्ळी ही कारखान्यांची वस्ती आहे. अशा वस्तीत नवा कामगार कारखान्यात आला, तर त्याला पहिल्याच दिवशी एकट्याने यंत्रापुढे उभे करीत नाहीत. काही काळ तो जाणत्या कारागिराशेजारी राहतो, त्याचा हात पाहतो, आणि मग काम स्वतःकडे घेतो. शिक्षकाची गोष्ट निराळी आहे. नेमणूक झाली, की तो तीस-चाळीस मुलांसमोर एकटाच उभा राहतो. दार लोटले जाते, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या बरोबरीचा कोणीही त्याचे अध्यापन पाहत नाही. पाहतात ते अधिकारी, आणि तेही गुणदोष ठरविण्यासाठी.

या एकटेपणाचे परिणाम मुलांना भोगावे लागतात. गोंगाट वाढला की शिक्षकाचा आवाज चढतो. आवाज पुरेनासा झाला की हात उगारला जातो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली. ते योग्यच झाले. परंतु छडीच्या जागी काय आणावे, हे कलम सांगत नाही. ते शिक्षकांनाच शोधावे लागते. आणि एकट्याने शोधण्यापेक्षा ते मिळून शोधणे अधिक फलदायी ठरते.

शिस्तीचे मूळ

वर्ग ताब्यात ठेवणे ही उपजत देणगी होय, अशी पुष्कळांची समजूत असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी प्रत्यक्ष वर्गांच्या चित्रफितींचे बारकाईने निरीक्षण केले व आपले निष्कर्ष १९७० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. मूल चुकल्यावर रागावण्याच्या पद्धतीत यशस्वी व अयशस्वी शिक्षकांमध्ये फारसा फरक त्यांना आढळला नाही. फरक होता तो गडबड उद्भवण्यापूर्वीच्या वर्तनात. यशस्वी शिक्षकाला फळ्यावर लिहितानाही मागच्या बाकावर काय चालले आहे याची जाण असे, आणि ती आहे हे मुलांनाही ठाऊक असे. एका मुलाची शंका सोडविताना त्याचे उरलेल्या वर्गावरील लक्ष सुटत नसे. एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना तो मध्ये रिकामा वेळ पडू देत नसे.

या साऱ्या सवयी आहेत, आणि सवयी शिकता येतात. अडचण एवढीच, की स्वतःची सवय स्वतःला दिसत नाही. मेरी बड रो या संशोधिकेस असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला, तर मुलांची उत्तरे अधिक विस्तृत होतात. आपण किती थांबतो, हे शिकविता शिकविता मोजणे कठीण. त्यासाठी मागच्या बाकावर एक सहकारी हवा.

हेग्गडदेवनकोटे येथील प्रयोग

म्हैसूर जिल्ह्यातच, नैर्ऋत्येस, हेग्गडदेवनकोटे हा अरण्यालगतचा तालुका आहे. १९९५ च्या सुमारास तेथील काही प्राथमिक शिक्षक आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे गेले आणि त्या परिसरातील छोट्या ग्रामशाळांचे काम त्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांनी एकत्र बसून कन्नड शाळांसाठी अभ्यासाची कार्डे तयार केली, ती आपापल्या वर्गांत वापरून पाहिली आणि अडचणींनुसार बदलली. युनिसेफचे साहाय्य त्यास लाभले. ‘आनंदा, शिका’ अशा अर्थाचे ‘नलि-कलि’ हे नाव या पद्धतीस मिळाले.

या पद्धतीत वर्गव्यवस्थेचा प्रश्न मुळापासूनच सोडविला आहे. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असल्या, म्हणजे एकीला शिकविताना दुसरी रिकामी राहते, आणि गोंगाट तेथे जन्मतो. नलि-कलित मुले इयत्तेनुसार नव्हे, तर लागणाऱ्या मदतीनुसार गटांत बसतात. कोणाला शिक्षकाची पूर्ण मदत, कोणाला थोडी, कोणाला सोबत्याची, तर कोणी स्वतःच काम करणारे. आपली पायरी मुलाला ठाऊक असते. तो आपले कार्ड आपण शोधतो. येथे शांतता भयातून येत नाही, कामातून येते.

२००९-१० च्या सुमारास ही पद्धती कर्नाटकातील सरकारी कन्नड शाळांत सर्वत्र नेण्यात आली. येथे एक सावधगिरीची गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांनी कार्डे घडविली, त्यांना प्रत्येक कार्डामागील कारण माहीत होते. ज्यांच्या हाती ती तयार पडतात, त्यांना ते कारण पुन्हा मिळून शोधावे लागते. साधन वरून पाठविता येते, समज पाठविता येत नाही.

मंडळ कसे चालवावे

पाच-सहा शिक्षकांचे मंडळ पुरे. एका वेळी एकच प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, मधल्या सुट्टीनंतरची पहिली दहा मिनिटे वाया का जातात? एकाने पाठ घ्यावा, दुसऱ्याने पाहावा व केवळ घडले तेच टिपावे: वह्या वाटण्यास किती मिनिटे लागली, किती मुले रिकामी होती. ‘वर्ग बेशिस्त होता’ हा अभिप्राय झाला. ‘सात मुलांकडे काम नव्हते’ हे निरीक्षण झाले. चर्चेत पाठ घेणाऱ्याने प्रथम बोलावे. मग एकच बदल ठरवावा, आठवड्यानंतर पुन्हा पाहावे. निरीक्षण, अनुमान, पडताळा ही विज्ञानाचीच रीत होय. जपानातील शिक्षक अशा पाठ-अभ्यासाची परंपरा शतकाहून अधिक काळ चालवीत आले आहेत.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात केंद्रपातळीवरील शिक्षण परिषद आहे, कर्नाटकात समालोचना सभा आहे. मात्र तेथील वेळ परिपत्रके वाचण्यात व तक्ते भरण्यात सरला, तर अध्ययन घडत नाही. आणि पाहिलेल्या उणिवा वरिष्ठांच्या कानी जाऊ लागल्या, तर दुसऱ्या दिवशी कोणीही आपले दार उघडणार नाही. परस्परविश्वास ही या कामाची पहिली अट होय.

सहकाऱ्यासमोर ‘हा वर्ग मला आवरत नाही’ असे मोकळेपणाने म्हणता येणे, येथूनच सहाध्ययनास आरंभ होतो. ज्या शिक्षकास हे म्हणता येते, त्याच्या वर्गातील मुलांवर आवाज चढविण्याचे प्रसंग हळूहळू कमी होत जातात.