तोट्याची फेरी आणि कॉस्टिंगचा तास

एखादी गोष्ट ‘तोट्यात चालते’ हे विधान आपल्या सार्वजनिक जीवनात इतक्या सहजपणे केले जाते, की त्याला पुरावा मागण्याची कोणाला गरजच वाटत नाही. एस. टी.ची आडगावची फेरी तोट्यात आहे, सबब ती बंद करावी. ग्राहक भांडाराचा वह्या-पुस्तकांचा विभाग तोट्यात आहे, सबब तो गुंडाळावा. आकडा पुढे ठेवला, की वाद मिटतो. वस्तुतः वाद तेथून सुरू व्हावयास हवा. उत्पन्नातून खर्च वजा जाता उणे उरले तर तोटा, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु खर्च म्हणजे नेमके काय, तो कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मोजला, हे विचारण्याची सवय आपल्या पदवीधरांनाही नसते. हे विचारावयास शिकवणारा विषय आपल्या वाणिज्य महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकवला जात आहे, ही यातील खरी विसंगती आहे.

परिव्यय लेखांकन, व्यवस्थापकीय लेखांकन अशी भारदस्त नावे धारण करणारा आणि विद्यार्थ्यांच्या बोलण्यात केवळ ‘कॉस्टिंग’ म्हणून वावरणारा हा विषय काय साधू शकतो, हे पाहण्यासाठी एस. टी.चेच उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. युक्तिवाद मात्र कल्पित नाही.

समजा, तालुक्याच्या आगारातून डोंगरातल्या एका गावी रोज एक फेरी जाते. जाऊन-येऊन अंतर ६० किलोमीटर. आगाराच्या हिशेबाप्रमाणे गाडी चालवण्याचा खर्च दर किलोमीटरला ६० रुपये आणि या फेरीचे उत्पन्न दर किलोमीटरला ३८ रुपये. म्हणजे किलोमीटरमागे २२ आणि दिवसाला १,३२० रुपयांचा तोटा. फेरी बंद करण्याचा प्रस्ताव येतो. आता त्या ६० रुपयांची फोड करून पाहावी. डिझेल, वंगण, टायरची झीज आणि किलोमीटरनुसार लागणारी दुरुस्ती मिळून २४ रुपये. उरलेल्या ३६ रुपयांत चालक-वाहकांचे पगार, गाडीचा घसारा, कार्यशाळा, बसस्थानकाची देखभाल, विभागीय कार्यालयाचा खर्च असे सारे येते. फेरी बंद केल्याने यांपैकी काय वाचेल? डिझेल निश्चित वाचेल. परंतु चालक कायम नोकरीतला आहे, गाडी आगारात उभी राहणार आहे आणि विभागीय कार्यालयातील एकही पंखा या फेरीअभावी बंद होणार नाही. वाचणार ते २४ रुपये आणि जाणार ते ३८. म्हणजे १,३२० रुपयांचा तोटा वाचवण्यासाठी काढलेल्या हुकमामुळे महामंडळ दिवसाला ८४० रुपयांनी अधिक गाळात जाईल!

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. या फेरीच्या माथी मारलेला स्थिर खर्च फेरी गेली तरी उरतोच. तो आता उरलेल्या फेऱ्यांवर वाटला जातो. त्यांचा किलोमीटरचा खर्च ६० वरून वर सरकतो आणि काल जेमतेम तोंडमिळवणी करणारी दुसरी फेरी आज कागदावर तोट्यात जाते. मग तिचा क्रमांक लागतो. तिच्यानंतर तिसरीचा. प्रत्येक पायरीवर हिशेब बिनचूक असतो, बेरजा तपासलेल्या असतात, आणि सेवा मात्र आक्रसत जाते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावल्यापासून या राज्याच्या खेड्यांत एस. टी. येणे याला जो अर्थ आहे, तो येथे सांगावयास नको. तालुक्याच्या शाळेतील मुलगी दहावीनंतर शिकणार की घरी बसणार, हे पुष्कळदा त्या एका फेरीवर ठरते. तिचा पास मोफत आहे किंवा मार्च २०२३ पासून तिच्या आईला अर्धेच तिकीट लागते, म्हणून त्या दोघी ‘उत्पन्न न देणारे प्रवासी’ ठरत नाहीत. सवलतीची शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती हा त्या फेरीच्याच उत्पन्नाचा भाग आहे. तो या ३८ रुपयांत धरला आहे की नाही, हा हिशेब पाहणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न.

परंतु येथे भाबडेपणाही उपयोगाचा नाही. फेरी बंद करूच नये, असे हे शास्त्र सांगत नाही. समजा, तीच गाडी आणि तेच चालक-वाहक औद्योगिक वसाहतीच्या गर्दीच्या मार्गावर नेले, तर बदलता खर्च वजा जाता दिवसाला १,५०० रुपये उरतात. मग आडगावच्या फेरीची खरी किंमत त्या १,५०० रुपयांच्या त्यागात मोजावी लागेल. हा संधित्यागाचा खर्च कोणत्याही खतावणीत लिहिलेला नसतो, पण निर्णयाच्या दृष्टीने तो डिझेलइतकाच खरा असतो. तसेच गाडी निकालात काढून नवी घेण्याची वेळ येते, तेव्हा काल ‘स्थिर’ असलेला गाडीचा खर्च आज टाळता येण्याजोगा होतो. कोणता खर्च स्थिर आणि कोणता बदलता, हे खर्चाच्या कपाळी लिहिलेले नसते. ते प्रश्नावर आणि काळाच्या पल्ल्यावर अवलंबून असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९२३ साली स्थिर खर्चावरील आपल्या ग्रंथात हेच आग्रहाने मांडले होते: निरनिराळ्या प्रयोजनांसाठी खर्चाचा निरनिराळा अर्थ घ्यावा लागतो. आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात मात्र सीमांत खर्चाची वक्ररेषा फळ्यावर अशी डौलात काढली जाते, जणू ती कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर टांगलेलीच असते. तो आकडा वह्यांतून शोधून काढावा लागतो, हे सांगावयास तास पुरत नाही.

हा शोध नवा नाही. इंग्लंडात स्टॅफर्डशरमधील प्रसिद्ध कुंभकार जोसाया वेजवुड यांच्यावर १७७२ च्या मंदीत मालाचे ढीग साचून राहण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपल्या फुलदाण्यांच्या खर्चाची बारकाईने फोड केली. साचे, भाडे, कोळसा, हिशेबनीस यांचा खर्च माल थोडा होवो वा फार, घड्याळासारखा चालूच राहतो, हे त्यांच्या ध्यानात आले; तेव्हा माल अधिक काढून, किंमत उतरवून तो मध्यमवर्गाच्या घरात पोहोचवण्यात फायदा आहे, हा निष्कर्ष त्यांनी काढला. या तपासणीत त्यांच्या मुख्य कारकुनाची अफरातफरही उघडकीस आली, हा आनुषंगिक लाभ. लक्षात घ्यावयाचे ते असे, की वेजवुड यांना कोणा सरकारी अधिकाऱ्याला विवरण सादर करावयाचे नव्हते. त्यांना निर्णय घ्यावयाचा होता.

आपल्याकडे या विद्येचा प्रवेश वेगळ्या दाराने झाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने खर्च अधिक ठरावीक नफा या पद्धतीने कंत्राटे दिली. तेव्हा कंत्राटदाराने दाखवलेला खर्च खरा की फुगवलेला, हे तपासणाऱ्यांची गरज भासली. परिव्यय लेखापालांची संस्था स्थापन झाली ती १९४४ साली; तिला कायद्याने मान्यता मिळाली १९५९ साली; आणि १९६५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात परिव्यय-तपासणी आली. पुढे सिमेंटपासून औषधांपर्यंत अनेक वस्तूंच्या किमती सरकार ठरवू लागले. किंमत म्हणजे खर्च अधिक वाजवी नफा असे सूत्र असले, की एकच आकडा महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे सर्व खर्च वाटून काढलेला सरासरी पूर्ण खर्च. त्या काळात त्या आकड्याला अर्थ होता. परंतु सिमेंटवरील नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे उठले, १९९१ नंतर तर पुष्कळ क्षेत्रांत किंमत बाजाराच्या हाती गेली, आणि प्रश्न उलटा झाला: बाजारात ही किंमत मिळत असेल, तर हा माल करावा की करू नये? किती करावा? स्वतः करावा की बाहेरून घ्यावा? प्रश्न बदलला, वर्गातील गणित मात्र बव्हंशी जुन्याच प्रश्नाचे उत्तर देत राहिले.

साखर कारखान्यांकडे पाहिले, तर या शिक्षणाची निकड अधिक स्पष्ट होते. एका उसापासून साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड अशी चार उत्पादने निघतात. ऊस विकत घेण्याचा आणि गाळण्याचा खर्च या चौघांचा समाईक आहे. तो चौघांत वाटण्याच्या पद्धती पुस्तकात आहेत, परीक्षेतही विचारल्या जातात. पण त्यांपैकी कोणतीही पद्धत ‘खरी’ नाही. वाटणीच्या या आकड्यांवरून मळीत फायदा आणि साखरेत तोटा असे कोणी म्हणू लागला, तर तो आईचा खर्च चार मुलांत वाटून कोणते मूल परवडत नाही ते पाहण्यासारखा प्रकार होय. निर्णयाला उपयोगी पडतो तो फक्त फरक. मळीत साखर राखून त्या जड मळीपासून इथेनॉल करावयाचे ठरवले, तर साखरेचा उतारा साधारण दीड टक्क्याने घटतो. म्हणजे टनामागे सुमारे १५ किलो साखर सोडावी लागते. त्या १५ किलोंची किंमत एका पारड्यात, आणि वाढीव इथेनॉलच्या उत्पन्नातून आसवनीचा वाढीव खर्च वजा जाता उरणारी रक्कम दुसऱ्या पारड्यात. उसाची किंमत दोन्ही पर्यायांत तीच, म्हणून ती या तुलनेत येतच नाही. ज्या सभासदाने आयुष्यभर उसाच्या भावासाठी भांडण केले, त्याला हे चमत्कारिक वाटेल. पण तसे ते आहे.

आसवनी उभारण्यापूर्वी तिचे भांडवल हाच निर्णयातील सर्वांत मोठा आकडा असतो आणि उभारल्यानंतर तो बुडीत, म्हणजे निर्णयाबाहेरचा, होतो, हेही येथेच शिकावे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या होत्या त्यांचे व्याज थांबले नाही. उभारणीपूर्वी धोरण-बदलाची शक्यता हिशेबात धरून तो प्रकल्प संचालक मंडळासमोर किती ठिकाणी मांडला गेला असेल, याविषयी शंका घेण्यास पुरेशी जागा आहे. प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता. आज प्रत्येक कारखान्याला गाडगीळ मिळणार नाहीत. पण फरकाचा हिशेब मांडू शकणारा एक बी. कॉम. झालेला लेखनिक मिळावयास हरकत नसावी.

आणि शेतकऱ्याचे काय? कृषी मूल्य आयोगाच्या अहवालांत खर्चाच्या निरनिराळ्या व्याख्या असतात. प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यात घरच्या माणसांचे श्रम मिळवून येणारा खर्च, आणि त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज धरून येणारा व्यापक खर्च. हमीभाव दीडपट दिला की नाही, या २०१८ पासूनच्या वादाचे मूळ दीडपट या शब्दात नसून कशाच्या दीडपट यात आहे. परंतु कांद्याचा भाव कोसळला असता उभे पीक काढावे की नांगर फिरवावा, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला यांपैकी एकही व्याख्या उपयोगी नाही. बियाणे, खत, पाणी यांवर झालेला खर्च परत यावयाचा नाही. आता काढणी, गोणी, गाडीभाडे आणि हमाली-तोलाई यांवर जे पडेल, ते पट्टीतून सुटेल काय, एवढाच प्रश्न उरतो. तो स्वतःच्याच पिकावर नांगर घालतो, तेव्हा ते संतापाचे कृत्य म्हणून वर्तमानपत्रांत छापले जाते. संताप असतोच; पण पुष्कळदा त्यामागे काटेकोर हिशेबही असतो, जो आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिकेत मांडता येत नाही.

येत नाही, कारण त्यांना तो मांडण्याची संधीच दिली जात नाही. प्रश्नपत्रिकेतील गणित वाचून पाहावे: ‘कारखाना उपरिव्यय मजुरीच्या ५० टक्के धरावा.’ धरावा! का धरावा, न धरल्यास काय होईल, दुसऱ्या आधाराने धरल्यास कोणते उत्पादन फायद्याचे दिसेल, हा जो विषयाचा गाभा तोच प्रश्नकर्त्याने आधी गिळून टाकलेला असतो. विद्यार्थ्याकडे उरते ते तक्ता आखणे आणि बेरीज करणे. ते काम संगणक त्याच्यापेक्षा चांगले करतो. उत्तर जुळले की गुण मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्पाची तरतूद केली आहे. तिचा उपयोग करून चार-चार विद्यार्थ्यांचे गट वसतिगृहाच्या खाणावळीत, गावच्या दूध संकलन केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात पाठवता येतील. पन्नास ताटांऐवजी साठ ताटे झाली तर काय वाढेल आणि काय वाढणार नाही, एवढे जरी त्यांनी खाणावळवाल्याकडून काढून आणले, तरी पाठ्यपुस्तकातील दोन प्रकरणे होतात. खाणावळवाल्याला याचे उत्तर बहुधा तोंडपाठ असते. नाव ठाऊक नसते इतकेच.

अडचण आहे ती मूल्यमापनाची. ‘ही फेरी बंद करावी काय? कोणती अधिक माहिती लागेल ते सांगून उत्तर द्या’ असा प्रश्न विचारला, तर शंभर विद्यार्थ्यांची शंभर उत्तरे येतील, त्यांतील पाच-सहा परस्परविरुद्ध असूनही बरोबर असतील, आणि ठरावीक उत्तरतालिका हातात घेऊन तासाला ठरावीक गठ्ठा संपवणाऱ्या परीक्षकाला ती तपासता येणार नाहीत. पेपरामागे मिळणारा मोबदला आणि निकालाची मुदत या दोन्ही गोष्टी आजच्यासारख्याच राहिल्या, तर असा प्रश्न काढण्याचे धाडस कोणतेही अभ्यासमंडळ करणार नाही. तेव्हा पहिली दुरुस्ती अभ्यासक्रमात नव्हे, तर परीक्षा विभागाच्या अंदाजपत्रकात करावी लागेल.