दुसऱ्या घरचा पोपट आपल्या घरी

कुत्रा किंवा मांजर दत्तक घेतलेली घरं आता आपल्या ओळखीत बरीच सापडतात. पण ‘आम्ही पोपट दत्तक घेतला’ असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि विचारतो, ‘तुमचाच पोपट झाला नाही ना?’ विनोद जुना आहे, पण दोन वर्षांत मी तो इतक्यांदा ऐकलाय की आता मीच आधी सांगून टाकतो. त्यानंतर लोक खरे प्रश्न विचारतात. चावतो का? बोलतो का? असा पोपट पाळणं कायद्यात बसतं का? आणि आधीच्या लोकांनी त्याला का सोडला?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आमचा मिठ्ठू आफ्रिकन ग्रे जातीचा आहे. अंग राखाडी, शेपटी लालभडक. आमच्याच सोसायटीतल्या एका गुजराती काका-काकींकडे तो चौदा वर्षं होता. काका गेले आणि काकी सुरतेला मुलाकडे राहायला निघाल्या. तिथल्या नातवाला दमा आहे. ग्रे पोपटाच्या पिसांतून पांढरी, पावडरीसारखी बारीक धूळ सतत झडते. दमेकरी मुलाच्या घरात असा पक्षी ठेवता येत नाही. म्हणजे कोणाला कंटाळा आला नव्हता, कोणी निर्दयही नव्हतं. पोपट घर बदलतात ते बहुतेक अशाच कारणांनी: माणूस वारतो, आजारी पडतो, गाव बदलतं, लहान फ्लॅटमध्ये शेजारी आवाजाची तक्रार करतात. चांगली काळजी घेतली तर ग्रे पोपट चाळीस ते साठ वर्षं जगू शकतो. म्हातारपणी पोपट आणणाऱ्या माणसाच्या मागे तो बहुधा उरतोच.

कोणता पोपट चालतो, कोणता नाही

आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी पिंजऱ्यात हिरवा राघू असायचा. त्यामुळे हे स्पष्ट सांगायला हवं, की कंठाला गुलाबी पट्टा असलेला आपला हिरवा पोपट आणि पहाडी पोपट हे भारतातले वन्य पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणं, विकणं किंवा घरी पाळणं गुन्हा आहे. कोणी ‘आमचा मिठू घेता का?’ असं विचारलं, तर प्रेमापोटीसुद्धा घेऊ नका. वनविभागाला कळवा. आमच्या बडोद्यात कमाटीबागेत संध्याकाळी झाडांवर त्यांचे थवे उतरतात. ते तिथेच बघावेत.

परदेशी पोपटांचे नियम वेगळे आहेत. जंगलातून बेसुमार पकडल्यामुळे आफ्रिकन ग्रे संकटात आला. त्यामुळे जानेवारी २०१७ पासून ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. आपल्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नियम आले. त्यानुसार असे पक्षी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची असते. पक्षी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवायचं असतं. मकाव, काकाकुवा, कोन्यूर यांनाही हेच लागू आहे. कॉकटील आणि बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे छोटे बजरीगर मात्र त्या यादीत नाहीत. काकींच्या मुलाने नोंदणी आधीच केलेली होती, म्हणून आम्हाला सोपं गेलं. कागद नसतील तर आधी कागद, मग पिंजरा.

नऊ दिवसांचं मौन

मिठ्ठूसोबत काकींनी त्याचा जुनाच पिंजरा दिला आणि एक दोनशे पानी वही. त्यात गुजरातीत त्याच्या सवयी लिहिल्या होत्या: काय खातो, कशाला घाबरतो (छत्री, लाल बादली), झोपताना काय बोलायचं, डोक्यावर कुठे खाजवलेलं चालतं. दत्तक घेताना अशी वही मागून घ्या, पिंजऱ्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

नऊ दिवस तो काही बोलला नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास हॉलमधून एका वयस्क पुरुषाचा आवाज आला, ‘सांभळ्युं? चा मूकजे.’ ऐकलंस का, चहा टाक. बाबा पेपर वाचत होते, ते उठून उभेच राहिले. आवाज हुबेहूब काकांचा होता. त्यामागोमाग काकांचा खोकलाही आला.

अशा वेळी काय करावं? काही जण सुचवतात की जुनं बोलणं विसरायला लावा, त्याकडे लक्ष देऊ नका. आम्ही तसं केलं नाही. आई स्वयंपाकघरातून ‘हो, ठेवला’ असं उत्तर देऊ लागली.

पण पुढचे तीन महिने सोपे नव्हते. त्याने छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. खाणं कमी झालं. मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करून एक्सेलमध्ये लिहायचो. ४५२ ग्रॅमवरून ते ४१८ वर आलं. पक्षी आजार लपवतात. जंगलात दुबळा दिसणारा पक्षी आधी शिकार होतो, म्हणून ही सवय. त्यामुळे चेहऱ्यापेक्षा काट्यावर विश्वास ठेवायचा आणि वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं तर वाट बघत बसायचं नाही. आम्ही त्याआधीच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासण्यांत रोग निघाला नाही. माणसं गेली, घर गेलं, त्याचा ताण, असं ते म्हणाले.

घरात बैठक झाली. माझी बायको आणि मी दोघेही नोकरीत. ‘त्याचे हाल होत असतील तर ज्यांच्याकडे आणखी ग्रे आहेत अशा कुणाकडे देऊ,’ असं मीच म्हणालो. आई म्हणाली, ‘मी सांगलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा भाजीवाली काय म्हणते ते कळायला मला सहा महिने लागले. तीन महिन्यांत मला कोणी परत पाठवलं नाही.’ विषय तिथेच संपला.

उपाय साधे होते, पण रोज करावे लागले

पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवला होता, तो कोपऱ्यात हलवला. दोन बाजूंना भिंत असली की पक्ष्याला सुरक्षित वाटतं. रात्री साडेसातला दिवा बंद. या पक्ष्यांना दहा ते बारा तास झोप लागते आणि आपल्या घरांतला टीव्ही अकरापर्यंत चालतो. खाणं वाटीत देण्याऐवजी कागदी कपात, पुठ्ठ्याच्या नळीत लपवून ठेवायला लागलो. जंगलात त्याचा बराच वेळ अन्न शोधण्यात जातो. घरी वाटी पाच मिनिटांत संपते, मग उरलेल्या वेळात तो पिसं उपटतो. लपवलेले शेंगदाणे शोधायचं काम माझ्या मुलीला त्याच्यापेक्षा जास्त आवडतं.

आहारही बदलला. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया म्हणजे आपण रोज फरसाण खाण्यासारखं आहे. त्यात चरबी भरपूर, जीवनसत्त्व ‘अ’ आणि कॅल्शियम अपुरं. आता गाजर, भोपळा, मेथी, मोड आलेली कडधान्यं, पेरू आणि हिरवी मिरची. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांत तिखट खाणारा तोच. अव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, खारे पदार्थ आणि चहा-कॉफी पूर्ण बंद. हो, चहासुद्धा. पाच वाजता चहा मागणाऱ्याला पेरूची फोड मिळते.

घरात काही गोष्टी कायमच्या बदलल्या. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून आमच्याकडे पुन्हा लोखंडी तवा आला. उदबत्ती देवघराचं दार लावून, खिडकी उघडी ठेवून. तो पिंजऱ्याबाहेर असताना पंखा बंद. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतली खोली. उत्तरायणाला पतंग आणि मांज्याच्या दिवसांत बाल्कनी बंद.

सात महिन्यांनी छातीवर नवी पिसं दिसू लागली. वजन आता ४४५ च्या आसपास असतं.

पोपटपंची की बोलणं?

न समजता घोकलेल्याला आपण पोपटपंची म्हणतो. पोपटावर हा थोडा अन्याय आहे. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी अॅलेक्स नावाच्या ग्रे पोपटाबरोबर तीस वर्षं काम केलं. २००७ मध्ये, ३१ वर्षांचा असताना तो गेला. त्याला सुमारे पन्नास वस्तूंची नावं, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतची संख्या सांगता येत असे. तो माणसासारखी भाषा वापरत होता का, यावर वाद आहे. पण सगळंच घोकलेलं नव्हतं, एवढं नक्की.

आमचा मिठ्ठू अॅलेक्स नाही. पण काकांचं वाक्य तो पाचच्या सुमारासच म्हणतो. कोणी चपला घातल्या की ‘आवजो’. कुकरची शिट्टी झाली की आईच्या आवाजात ‘बंद करा रे’. आणि हल्ली आई स्वयंपाकघरात नसली तर काकांच्या आवाजात चहा मागून लगेच आईच्या आवाजात स्वतःच उत्तर देतो, ‘हो, ठेवला.’

काकी रविवारी व्हिडिओ कॉल करतात. एकदा बोलत असतानाच त्याने चहा मागितला. काकी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग डोळे पुसत म्हणाल्या, ‘हजु चा ज मागे छे!’ अजून चहाच मागतोय. त्यानंतर त्यांनी पाचची वेळच ठरवून घेतली.

हो म्हणण्याआधी

कोणी तुम्हाला पोपट देऊ केला तर काही गोष्टी आधी बघा. नोंदणीचे कागद आहेत का? शहरात पक्ष्यांचे डॉक्टर आहेत का? घरात कोणाला दमा, धुळीची ॲलर्जी आहे का? दिवसातले किमान दोन-तीन तास कोणी त्याच्याबरोबर असेल का? पहाटेचा कर्कश आवाज शेजारी सहन करतील का? यातल्या एकाचं उत्तर ‘नाही’ असेल तर नकार देण्यात कमीपणा नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड: तुमच्यानंतर कोण? मिठ्ठू आज सोळा वर्षांचा आहे, मी छत्तीस, मुलगी आठ. तो पन्नाशीला येईल तेव्हा मी सत्तर आणि मुलगी बेचाळीस वर्षांची असेल. ती तेव्हा कुठे असेल ते कोण सांगणार? आठ वर्षांच्या मुलीचा शब्द आजच धरून ठेवणं बरोबर नाही. म्हणून बँकेत नॉमिनी लावतो तसं आम्ही इंदूरच्या माझ्या मावसभावाला विचारलं. तो दोनदा येऊन राहून गेला, एकदा बोटाला चावून घेतलं आणि मग हो म्हणाला.

काकींच्या वहीची पुढची पानं आता मराठीत भरत चालली आहेत. परवा मुलीने त्यात लिहिलं, ‘लाल बादलीला आता घाबरत नाही. छत्रीला घाबरतो.’ पुढच्या घराला उपयोगी पडेल.