जमिनीपासून कंबरभर वर

वळकट्या गेल्या, होल्डॉल गेले, त्यांच्या जागी रबरी चटया आणि साखळी ओढून बंद करायच्या झोपण्याच्या पिशव्या आल्या. पण सहलीला निघालेले आपले शहरी कुटुंब रानात मुक्कामाला उतरले की हे सारे जिथे अंथरते ती जागा काही बदललेली नाही. ती जागा म्हणजे भुई! तंबू कितीही भारी किमतीचा असो, त्याच्या तळाखाली अखेर मातीच.

कोल्हापूर सोडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागावे, बांबवडे मागे टाकावे, मलकापूर गाठावे आणि पुढे आंबा घाटाकडे वळण्यापूर्वी शाहूवाडी तालुक्यातली शिवारे जरा निरखून पाहावीत. दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला आलेले असते, ऊस उभा असतो, आणि रानाला लागून असलेल्या शेतांत चार मेढींवर उभारलेला एखादा माळा दिसतो. मेढी जंगली लाकडाच्या, वर आडवे बांबू, त्यांवर गवत, डोक्यावर पत्र्याचा किंवा पेंढ्याचा आडोसा आणि चढायला शिडी. पीक राखायला येणारा शेतकरी रात्री तिथे निजतो. खाली गवे येतात, रानडुकरे येतात. तो वरून बॅटरीचा झोत टाकतो, डबा वाजवतो, आरोळी ठोकतो आणि पुन्हा वाकळ पांघरतो.

शब्दांची मौज सांगितल्यावाचून मराठीच्या मास्तराला पुढे जाता येत नाही, तेवढे वाचकांनी सोसावे. शाहूवाडीचा शेतकरी ज्याला माळा म्हणतो, तोच शब्द मुंबईकर ‘आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहतो’ असे सांगताना वापरतो! मचाणाचे मूळ संस्कृत ‘मंच’ शब्दात, खाटेचे ‘खट्वे’त, आणि पलंगाचे ‘पर्यंका’त. म्हणजे भुईवरून उठून वर निजण्याची खटपट आपल्याकडे काही कालपरवाची नव्हे. मधल्या काळात सतरंजीने आपल्याला आळशी केले, एवढेच.

असाच एक माळा पाहायला गेलो असता त्याचा मालक, सत्तरीच्या घरातला गृहस्थ, खालून वर बोट दाखवीत म्हणाला, “गुरुजी, गव्याचं भ्या न्हाई. गवा दिसतोय, वाजतोय. भ्या हाय ते न दिसणाऱ्याचं. भुईवर निजायचं म्हंजे दुसऱ्याच्या वाटंवर निजायचं.”

“कुणाच्या वाटेवर, मामा?”

“कांडराचं नावबी रात्रीचं घ्यू ने म्हंत्यात,” तो हसून म्हणाला, “पर आता दिवस हाय. मण्यार!”

मामांचे हे बोलणे वैद्यकशास्त्राला धरून आहे. मण्यार हा रात्री हिंडणारा साप. अंगाने काळानिळा, त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे. उंदीर, पाली, दुसरे साप यांच्या शोधात तो घराघरांतून, खोपीखोपींतून फिरतो. वाटेत भुईवर निजलेला माणूस लागतो, झोपेत कूस बदलतो, हात पडतो आणि दंश होतो. या दंशाने भयंकर आग होत नाही, सूज जवळजवळ येत नाही, दातांच्या खुणा तर कधी कधी शोधूनही सापडत नाहीत. मुंगी चावली असेल म्हणून माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, घोट गिळवेनासा होतो आणि मग श्वास अडखळतो. पोटदुखीवर ओवा देण्यात जो तास जातो तो बहुधा शेवटचा मोलाचा तास असतो.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली. नेपाळच्या आग्नेय भागात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका पुष्कळच कमी असतो. डासांसाठी शिवलेली जाळी सापालाही अडवते! मात्र तिच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात. लोंबत्या कडांची मच्छरदाणी म्हणजे उघड्या दाराचे कुलूप.

आता माळा काही बरोबर नेता येत नाही. पण या तालुक्यात चाकांवरचा माळा गावोगाव उभा आहे. तो म्हणजे पिकअप. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी खताची पोती, संध्याकाळी ओली वैरण वाहणारी ही गाडी रात्री रिकामी असते. तिचा हौदा साधारण आठ-नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. तिघे माणसे पाय ताणून निजतील एवढा. आणि तो उभ्या माणसाच्या कमरेइतका उंच असतो, हे महत्त्वाचे. १६६० च्या जुलैत ज्या वाटेने शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडाला गेले आणि जिथे बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवून तिची पावनखिंड केली, त्या वाटेने दर पावसाळ्यात तरुणांचे जथे चालतात. त्यांचे सामान पुढच्या मुक्कामी नेण्याचे काम पुष्कळदा हीच गाडी करते. सामान उतरले की तिचे शयनगृह करायला अर्धा तास पुरतो.

आमच्या नात्यातल्या एका शेतकरी तरुणाने आपल्या गाडीसाठी केलेली मांडणी मला फार पसंत पडली. हौदा आधी पाण्याने धुऊन वाळवायचा. खताचा किंवा सिमेंटचा कण उरला तर रात्रभर नाकाडोळ्यांची चुरचुर ठरलेली. तळाचा पत्रा थंडीत बर्फासारखा गार पडतो, तेव्हा त्यावर सरळ गादी टाकणे चुकीचे. त्याने लाकडी पट्ट्यांची, वर नवार विणलेली चौकट केली आहे. तिचे पाय सव्वा फुटाचे आणि ती दोन तुकड्यांत, म्हणजे दोघांना उचलता येते. खालच्या पोकळीत पाण्याचे कॅन, धान्याचा डबा, भांडी, दोर. वजनदार वस्तू केबिनच्या बाजूला. मागे ठेवल्या तर घाटात गाडी शेपटीवर नाचते. वर तीन लोखंडी कमानी आणि त्यांवर ताडपत्री. कमानी मधोमध उंच हव्यात. सपाट ताडपत्रीवर पावसाचे पाणी साचून तिची पखाल होते, आणि ती नेमकी आजोबांच्या छातीवर फुटते!

बहुतेकांच्या हातून बिघडते ते पुढे. थंडी वाजते म्हणून ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट आवळतात. मग माणसांच्या श्वासाची वाफ आतल्या बाजूला धरते आणि पहाटे थेंब थेंब गळू लागते. केबिनच्या बाजूला वीतभर आणि मागे फाळक्याच्या वर हातभर मोकळे सोडावे. मच्छरदाणी कमानींना आतून बांधावी म्हणजे वारा येतो आणि बाकी काही येत नाही. आत शेगडी, स्टोव्ह किंवा कोळसे मुळीच नकोत. उबेसाठी इंजिन चालू ठेवणेही नको. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपलेला माणूस त्याने उठतच नाही. स्वयंपाक खाली, दहा पावले दूर. वहाणा वर घ्याव्यात, सकाळी झटकून घालाव्यात. रात्री खाली उतरायचे तर आधी बॅटरीचा उजेड जमिनीवर, मग पाय.

गाडी उभी करण्याची जागा दिवस असताना निवडावी. नदीचे पात्र कितीही सुंदर दिसो, तिथे नको. वरच्या धरणातून पाणी सुटले की सांगायला कोणी येत नाही. वाळलेल्या फांदीखाली नको. किंचित उतार असेल तर डोक्याची बाजू चढाला. हातब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकांखाली दगड लावावेत आणि तोंड रस्त्याकडे करावे, म्हणजे मध्यरात्री निघावे लागले तर चिखलात मागेपुढे करण्यात वेळ जात नाही. चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान २००४ साली जाहीर झाले आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथे किंवा कोणत्याही राखीव रानात वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यात त्याला विचारून थांबावे हे सर्वांत बरे. तो बहुधा नाही म्हणत नाही, आणि वर ताकही देतो.

एक गोष्ट गृहिणींनी घरच्या उत्साही मंडळींना बजावावी. हौद्यात निजायचे ते गाडी उभी असताना. चालत्या मालगाडीत मागे माणसे बसवणे कायद्याला मंजूर नाही, आणि घाटाच्या वळणांनाही नाही. चौकट आणि ताडपत्री सुटी असावी. कायमचे छप्पर ठोकायचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी परिवहन कार्यालयाची संमती लागते.

आणि एवढे करूनही दंश झालाच, किंवा भुईवर निजलेले मूल पहाटे पोट धरून उठले, पापण्या मिटू लागल्या, तर करकचून दोर आवळणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, मांत्रिकाकडे नेणे यांतले काहीही करू नये. रोग्याला चालवू नये. कुशीवर निजवून, धीर देत, गाडीने इस्पितळात न्यावे. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. मण्यारीच्या दंशात लसीइतकेच महत्त्व कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राला आहे. श्वास थांबलेली माणसे त्या यंत्रावर काही दिवस काढून चालत घरी गेलेली आहेत. जवळच्या दवाखान्यात लस सुरू करून यंत्रासाठी कोल्हापूरला, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या मोठ्या इस्पितळात हलवावे लागते. म्हणून मुक्कामी पोचताच पहिली चौकशी चहाची न करता, रात्री उघडा असणारा दवाखाना किती दूर आणि कोणत्या रस्त्याने, याची करावी.

आमच्या त्या नातलगाची चौकट सहल नसेल तेव्हा गोठ्याशेजारच्या पडवीत मांडलेली असते. सुगीच्या दिवसांत खोपीत निजायला येणारे दोन गडी आता तिच्यावर मच्छरदाणी खोचून निजतात. पहाटे पाचला तेच गडी दुधाचे कॅन हौद्यात चढवतात आणि पिकअप मलकापूरच्या रस्त्याला लागते.