रग्बी विश्वचषक २०२७ : यजमानपदाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुरुषांच्या रग्बी विश्वचषकाची अकरावी स्पर्धा १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७ या काळात ऑस्ट्रेलियात होणार असून, २४ संघ, ५२ सामने आणि सात यजमान शहरे असा तिचा पसारा आहे. अशा स्पर्धेच्या नियोजनाचा विषय निघाला की नवी मैदाने, प्रचंड खर्च आणि यजमान देशाच्या तिजोरीत पडणारा पैसा यांचीच चर्चा आधी होते. गेल्या काही स्पर्धांचा इतिहास मात्र असे दाखवतो की यजमानपदाची खरी कसोटी वेळापत्रकात, जोखमीच्या वाटणीत आणि दुबळ्या संघांना मिळणाऱ्या वागणुकीत लागते, आणि नेमक्या याच बाबींविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतात.

विश्वचषक म्हणजे नव्या मैदानांची उभारणी, हा समज ऑलिंपिकच्या अनुभवावरून रूढ झालेला आहे. २०२७ च्या स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियात एकही नवे मैदान बांधले जाणार नाही. अंतिम सामना सिडनीच्या ज्या ‘स्टेडियम ऑस्ट्रेलिया’वर होणार आहे, ते २००० च्या ऑलिंपिकसाठी उभारलेले आहे, सलामीचा सामना जेथे होईल ते पर्थचे मैदान २०१८ मध्ये, तर टाउन्सव्हिलचे मैदान २०२० मध्ये खुले झाले. ॲडलेड, ब्रिस्बेन, मेलबर्न आणि न्यूकॅसल येथेही तयार मैदानेच वापरली जातील. तथापि तयार मैदान म्हणजे सज्ज मैदान नव्हे. पर्थ आणि ॲडलेड येथील मैदाने क्रिकेट व ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ फुटबॉल यांच्यासाठी घडवलेली, लंबवर्तुळाकार आहेत. रग्बीचे मैदान आयताकृती असते. त्याची रुंदी जास्तीत जास्त ७० मीटर आणि दोन गोलरेषांमधील अंतर जास्तीत जास्त १०० मीटर असते. त्यातच या दोन्ही ठिकाणी क्रिकेटची खेळपट्टी मैदानाबाहेर वाढवून मधोमध आणून बसवली जाते आणि हंगाम संपल्यावर उचलून तेथे हिरवळीचा तुकडा बसवला जातो. रग्बीतील स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू खांदे गुंतवून एकमेकांना रेटतात त्या रचनेत, एकेका बाजूचे वजन ८०० किलोंहून अधिक भरते आणि हा सगळा भार बुटांच्या खिळ्यांवरून थेट जमिनीवर येतो. हिरवळीची मुळे खाली पक्की धरलेली नसतील तर मातीचे ढलपे निघतात, खेळाडूंचे पाय घसरतात, स्क्रम कोसळतो आणि पुढच्या रांगेतील खेळाडूंच्या मानेला गंभीर इजा होण्याचा धोका उद्भवतो. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि विश्वचषक १ ऑक्टोबरला सुरू होतो, हे लक्षात घेता मैदान राखणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम स्थापत्य अभियंत्यांच्या कामाइतकेच निर्णायक ठरते.

यजमान देशाला स्पर्धेचे सर्व उत्पन्न मिळते, हा दुसरा समज तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे आणि प्रायोजकत्वाचे हक्क ‘वर्ल्ड रग्बी’ या डब्लिनस्थित जागतिक संघटनेकडे असतात. चार वर्षांच्या आर्थिक चक्रात या संघटनेचे बहुतांश उत्पन्न पुरुषांच्या विश्वचषकातूनच येते आणि त्यातूनच जगभरच्या सदस्य संघटनांना अनुदान दिले जाते. जुन्या पद्धतीत यजमान संघटनेने ठरावीक स्पर्धा-शुल्काची हमी द्यायची आणि तिकीटविक्रीतून आपला खर्च भागवायचा, अशी रचना होती. २०२३ च्या स्पर्धेसाठी हे शुल्क किमान १२ कोटी पौंड होते आणि फ्रान्सने १५ कोटी पौंड देऊ केले होते. मैदाने भरली, तिकिटे मोठ्या संख्येने खपली, तरीही आतिथ्य-सेवा आणि सहली विकण्याच्या उपक्रमांत अपेक्षित नफ्याऐवजी तोटा झाल्याने फ्रेंच महासंघाला आर्थिक फटका बसला. प्रेक्षकांनी ओसंडून वाहणारे मैदान हा आर्थिक यशाचा पुरावा नसतो, हे त्या अनुभवातून स्पष्ट झाले.

२०२७ साठी म्हणूनच वेगळी रचना स्वीकारण्यात आली. ‘वर्ल्ड रग्बी’ने आयोजनाची आणि व्यापारी जोखमीची मुख्य जबाबदारी स्वतःकडे घेतली असून ‘रग्बी ऑस्ट्रेलिया’ ही राष्ट्रीय संघटना तिची भागीदार आहे. ऑस्ट्रेलियन संघटनेची स्थिती पाहता हा बदल आवश्यकच होता, कारण २०२३ च्या अखेरीस तिला ८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या कर्जाची सोय करून घ्यावी लागली होती आणि २०२५ मधील ‘ब्रिटिश अँड आयरिश लायन्स’च्या दौऱ्याने, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाच्या ऑस्ट्रेलियात बारा वर्षांतून एकदा होणाऱ्या दौऱ्याने, तिला हात दिला. प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा वेळापत्रकावर किती दाब असतो, हेही येथे नोंदवायला हवे. सिडनीत रात्री आठ वाजता सुरू होणारा सामना भारतात दुपारी अडीच वाजता, तर लंडनमध्ये सकाळी नऊ-दहा वाजता दिसतो. पर्थमधील रात्री आठचा सामना भारतात सायंकाळी साडेपाचचा आणि लंडनमध्ये दुपारचा होतो. युरोप ही रग्बीची सर्वांत मोठी बाजारपेठ असल्याने पश्चिम किनाऱ्यावरील पर्थचे महत्त्व केवळ भौगोलिक राहत नाही.

यजमान नेहमी गुप्त मतदानाने निवडला जातो, ही माहिती आता जुनी झाली आहे. २०२३ च्या स्पर्धेसाठी २०१७ मध्ये मूल्यमापन अहवालाच्या आधारे दक्षिण आफ्रिकेची शिफारस झाली असताना मतदारांनी दुसऱ्या फेरीत २४ विरुद्ध १५ मतांनी फ्रान्सची निवड केली आणि संपूर्ण प्रक्रियेच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. त्यानंतर संभाव्य यजमानाशी आधी दीर्घ वाटाघाटी करून मगच मान्यतेसाठी प्रस्ताव मांडण्याची पद्धत आली. मे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाला २०२७ ची पुरुषांची आणि २०२९ ची महिलांची स्पर्धा एकत्रितपणे देण्यात आली.

यजमानाला सोपा गट मिळतो, या समजाला तर २०२७ ची गटवारीच उत्तर देते. ३ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीत निघालेल्या सोडतीत ऑस्ट्रेलियाच्या गटात न्यूझीलंड आला. हे दोन शेजारी विश्वचषकाच्या साखळी फेरीत यापूर्वी कधीही समोरासमोर आलेले नव्हते. संघांची विभागणी जागतिक क्रमवारीनुसार स्तरांत केली जाते, पहिल्या स्तरात सहाच संघ असतात आणि ऑस्ट्रेलिया त्या सहांत नव्हता. सोडत केव्हा काढायची, हा खरा नियोजनाचा प्रश्न आहे. २०२३ च्या स्पर्धेची सोडत डिसेंबर २०२० मध्ये, त्या वर्षाच्या आरंभीच्या क्रमवारीवर काढली गेली होती. स्पर्धा सुरू होईपर्यंत क्रमवारीतील पहिले पाचही संघ सोडतीच्या एकाच बाजूला अडकले होते. परिणामी आयर्लंड आणि यजमान फ्रान्स हे उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडले. या वेळी सोडत दोन वर्षांपेक्षा कमी अंतरावर आणली गेली, ही सुधारणा उशिरा झाली असली तरी स्वागतार्ह आहे.

संघ वाढले म्हणजे स्पर्धा लांबणार, असेही मानले जाते. आधीच्या रचनेत २० संघ पाच-पाचच्या चार गटांत होते; गटात विषम संख्या असल्याने दर फेरीला एक संघ रिकामा राहत असे आणि साखळी फेरी रेंगाळत असे. आता चार-चार संघांचे सहा गट असतील, प्रत्येक संघ तीन साखळी सामने खेळेल आणि गटातील पहिले दोन संघ तसेच तिसऱ्या क्रमांकावरील सर्वोत्तम चार संघ अशा १६ संघांची उपउपांत्यपूर्व फेरी होईल. त्यामुळे सामने ४८ वरून ५२ झाले, तरी सात आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांत स्पर्धा आटोपते. या रचनेची किंमतही आहे आणि ती लहान देश मोजतात : पूर्वी त्यांना चार सामन्यांची हमी होती, आता तीनच सामन्यांची आहे.

विश्रांतीच्या बाबतीत मात्र नवी रचना निःसंशय न्याय्य आहे. रग्बीतील धडकांनंतर शरीर सावरायला किती दिवस मिळतात, यावर सामन्याचा निकाल अवलंबून असतो. १९ सप्टेंबर २०१५ रोजी ब्रायटन येथे जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवले आणि अवघ्या चार दिवसांनी त्याच संघाला स्पर्धेतील पहिलाच सामना खेळणाऱ्या ताज्या दमाच्या स्कॉटलंडशी झुंजावे लागले. तो सामना जपानने १०-४५ असा गमावला आणि तीन विजय मिळवूनही तो संघ साखळीतच बाद झाला. कमी विश्रांतीचे असे सामने वर्षानुवर्षे दुबळ्या मानल्या गेलेल्या संघांच्याच वाट्याला येत, कारण मोठ्या संघांचे सामने शनिवार-रविवारी ठेवल्याने प्रेक्षकसंख्या वाढे. २०२३ मध्ये प्रत्येक संघाला किमान पाच दिवसांची विश्रांती देण्यात आली आणि सम संख्येच्या गटांमुळे हे आता अधिक सुकर होईल.

संघ वाढल्याने दर्जा घसरेल, ही भीती पूर्णपणे निराधार नाही. ऑस्ट्रेलियातच, २००३ मध्ये ॲडलेड येथे यजमानांनी नामिबियाला १४२-० असे हरवले होते. परंतु १९९५ मध्ये न्यूझीलंडकडून १४५-१७ अशी हार पत्करणाऱ्या जपाननेच पुढे २०१९ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि २०२३ मध्ये पोर्तुगालने फिजीला २४-२३ असे नमवले. मोठ्या पराभवाचे कारण बहुतेकदा गुणवत्तेच्या अभावात नसून बलाढ्य संघांशी वर्षानुवर्षे सामनेच न मिळण्यात असते. २०२७ मध्ये प्रथमच पात्र ठरलेला हाँगकाँग चायना आणि १९९१ नंतर परतणारा झिम्बाब्वे यांना मधल्या काळात असे सामने मिळवून देणे, हा स्पर्धेच्या नियोजनाचाच भाग मानला पाहिजे.

हवामानाने अडथळा आणला तर सामना दुसऱ्या दिवशी खेळवता येतो, हा शेवटचा गैरसमज क्रिकेटच्या राखीव दिवसाच्या सवयीतून आलेला असावा. २०१९ मध्ये जपानमध्ये हागिबिस हे चक्रीवादळ आले तेव्हा साखळीतील तीन सामने रद्द करून दोन्ही बाजूंना दोन-दोन गुण देण्यात आले. इंग्लंड-फ्रान्स आणि न्यूझीलंड-इटली या सामन्यांची चर्चा जगभर झाली. नामिबिया-कॅनडा सामना मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. तो २०११ च्या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या कामाइशी शहरात, नष्ट झालेल्या शाळांच्या जागेवर उभारलेल्या मैदानात होणार होता. सामना रद्द झाल्यावर कॅनडाचे खेळाडू शहरातील रस्त्यांवरचा चिखल काढण्याच्या कामाला लागले. दोन्ही संघ तोवर एकही सामना जिंकलेले नव्हते आणि विश्वचषकातील पहिल्या विजयाची प्रतीक्षा करणाऱ्या नामिबियासाठी ती त्या स्पर्धेतील सर्वांत खरी संधी होती. ऑस्ट्रेलियात चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि साखळी फेरी त्याआधीच संपलेली असेल, म्हणजे उष्ण कटिबंधातील टाउन्सव्हिलबाबत धोका कमी आहे. तरीही रद्द सामन्याचे गुण वाटून देण्याऐवजी तो पर्यायी मैदानावर खेळवण्याची तरतूद साखळी फेरीसाठीही असणे आवश्यक आहे, आणि सात शहरांत तयार मैदाने असलेल्या देशाला ती करणे जपानपेक्षा निश्चितच सोपे जाईल.