उकळल्यावर विरघळणारे प्रथिन

वडिलांची पाठ बरेच दिवस दुखते आहे, हिमोग्लोबिन उतरले आहे; लघवीच्या साध्या तपासणीत प्रोटीन ‘निल’ आले, तरी डॉक्टरांनी २४ तासांची लघवी का मागवली, असे नाशिकरोडच्या एका वाचकाने विचारले आहे.

लॅबमधली रंगीत पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. इथे डॉक्टरांना शंका आहे ती मल्टिपल मायलोमाची. या आजारात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा एकच वंश बेसुमार वाढतो आणि एकाच साच्यातली प्रतिपिंडे बनवत सुटतो. त्यांचे सुटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, आकाराने अल्ब्युमिनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. मूत्रपिंडातून ते सहज गाळले जातात, आणि पट्टीच्या नजरेतून बहुधा निसटतात.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे एमबीबीएसचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी परीक्षानळीत लघवी तापवून अल्ब्युमिन ओळखायला शिकतात. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखे ते एकदा गोठले की पुन्हा विरघळत नाही. पण लाइट चेनची तऱ्हाच न्यारी! ४० ते ६० अंशांना नळी गढूळ होते, उकळीच्या आसपास निवळते आणि थंड होताना पुन्हा गढूळते.

हा चमत्कार पहिल्यांदा पाहिला लंडनच्या डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी, ऑक्टोबर १८४५ च्या अखेरीस. रुग्ण पंचेचाळिशीचा व्यापारी होता, हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेला. अंगावरची सूज पाहून मॅकिन्टायर यांनी स्वतः लघवी तापवून पाहिली. मग १ नोव्हेंबरला डॉ. थॉमस वॉटसन यांनी नमुना रसायनज्ञ डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे धाडला आणि हे आहे तरी काय, असे चिठ्ठीत विचारले. १ जानेवारी १८४६ रोजी रुग्ण दगावला. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निरोगी दिसली, बरगड्या मात्र सहज मोडत होत्या.

बेन्स जोन्स यांनी १८४७ व १८४८ मध्ये निबंध छापले, मॅकिन्टायर यांचा १८५० मध्ये आला. प्रथिनाला नाव मिळाले बेन्स जोन्स यांचे. त्यांचे रासायनिक काम चोखच होते. हाडे मऊ पडणाऱ्या इतर रुग्णांतही हे प्रथिन शोधा, हा त्यांचा सल्ला तर फार दूरदृष्टीचा. तरीही रुग्णाच्या उशाशी बसून ज्याने नळी तापवली, सुजेचे कारण शोधताना जे अनपेक्षित दिसले ते दुर्लक्षिले नाही, त्या मॅकिन्टायर यांचे नाव या प्रथिनाला जोडले जायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

हे प्रथिन नेमके काय, हे कळायला १९६२ उजाडले. जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी एकाच रुग्णाच्या रक्तातल्या मायलोमा प्रतिपिंडापासून लाइट चेन वेगळ्या केल्या आणि त्याच्याच लघवीतल्या प्रथिनाशी ताडून पाहिल्या. तापवल्यावर दोन्ही सारख्याच गढूळल्या, सारख्याच निवळल्या. प्रतिपिंडांच्या रचनेवरील कामासाठी एडेलमन यांना १९७२ चे नोबेल विभागून मिळाले.

नळी तापवण्याच्या चाचणीवर आज निदान सोपवत नाहीत. तिच्यातून रुग्ण सुटतात. इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशनने हे प्रथिन हुडकतात, जोडीला रक्तातल्या सुट्या लाइट चेन मोजतात. लघवी २४ तासांची अशासाठी, की दिवसाला किती ग्रॅम प्रथिन जाते ते कळावे. मायलोमा निघालाच तर उपचार लागू पडतो आहे का, हे पुढे याच आकड्यावरूनही पाहतात. तेव्हा वडिलांची सकाळची पहिली लघवी सोडून द्या आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी, एकही वेळ न चुकवता, कॅनमध्ये धरा.