‘हवा वाढली’ आणि ‘गाडी वळत नाही’ : घरगुती कार्टच्या संदर्भात दोन वाक्यांचा विचार

स्वतः बांधलेल्या कार्टची चाल सुधारू पाहणाऱ्यांजवळ मापनाची साधने बहुधा बेताचीच असतात. हवेचा दाब मोजणारे एक मापक, एक फूटपट्टी, आणि गाडी हाकून परत आलेल्या चालकाचे चार शब्द. ह्या तिहींपैकी चालकाच्या शब्दांची चिकित्सा सहसा होत नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धांसाठी कार्ट बांधतात, हे आता नवीन राहिलेले नाही. ट्रॉम्बे-चेंबूरच्या बाजूस एखाद्या बंदिस्त आवारात अशी गाडी फिरत असता जी मराठी कानी पडावी, तिच्यातील दोन वाक्यांचा विचार येथे करावयाचा आहे. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, आणि दोन्ही चुकीच्या दुरुस्तीकडे नेऊ शकतात.

पहिले वाक्य ‘हवा वाढली’ हे होय. व्यवहारात ‘हवा’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘हवा भरली’ येथे तो द्रव्यवाचक आहे, ‘हवा किती? तीस’ येथे तोच शब्द दाब दर्शवितो, आणि ‘तीस’ म्हणजे दर चौरस इंचास तीस पौंड हे कोणी निराळे सांगत नाही. स्कूटरच्या बाबतीत ह्या द्व्यर्थाने फारसे बिघडत नाही. कार्टच्या खास लहान टायरांत मात्र दाब साधारणपणे १० ते १५ पौंडांच्या दरम्यान असतो, व तेथे एका पौंडाचा फरकही चालकास जाणवतो. (घरगुती गाडीस स्कूटरची चाके बसविली असल्यास हे आकडे लागू नाहीत.)

सावलीत ३० अंश सेल्सिअसला टायरात १२ पौंड दाब भरला, असे समजू. काही फेऱ्यांनंतर आतील हवा ६० अंशांवर गेली. तापमान दुप्पट झाले म्हणून दाबही दुप्पट, हा तर्क फसवा होय; कारण हिशेब निरपेक्ष तापमानाचा व निरपेक्ष दाबाचा करावयास हवा. मापकावरील १२ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळविले की २६.७ होतात, तापमान ३०३ वरून ३३३ केल्व्हिनवर गेले की हा दाब सुमारे २९.३ होतो, त्यातून वातावरणाचा दाब वजा करता मापकावर १४.६ दिसतात. आता कोणी म्हणतो, ‘हवा वाढली, थोडी सोडा.’ वस्तुतः टायरात एक कणही वाढलेला नाही. ह्या सूचनेबरहुकूम गरम टायरातील दाब १२ वर आणला, तर तोच टायर थंड झाल्यावर ९.६ दाखवील, व पुढच्या खेपेस चालकाच्या हाती निराळीच गाडी येईल. गरम टायरातील दाब ठरावीक ठेवावयाचा, ही पद्धत अयोग्य नाही. शर्यतीच्या जगात ती रूढच आहे. परंतु सांगितलेला आकडा थंड टायराचा की गरम, हे वाक्यात आले पाहिजे.

ट्रॉम्बेसारख्या खाडीकाठच्या दमट जागी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या टाकीत पाणी साठते. ते नियमाने काढून टाकले नाही तर त्याचे थेंब टायरात जातात. ३० अंशांस बाष्पाचा संपृक्त दाब सुमारे ०.६ पौंड, तर ६० अंशांस तो सुमारे २.९ पौंड असतो. म्हणजे टायरात पाणी शिल्लक असल्यास वरील १४.६ च्या जागी १७ च्या आसपास आकडा यावयाचा. पाच लिटर पोकळी धरली तर त्यास अर्धा ग्रॅम पाणी पुरते. तेव्हा चार टायरांपैकी एकाचाच दाब इतरांहून अधिक चढत असेल, तर चौकटीकडे पाहण्यापूर्वी टाकीचे पाणी पाहावे. मापकाविषयीही एक शब्द: साठ-सत्तर पौंडांपर्यंत आकडे असलेल्या मोटारीच्या मापकावर अर्ध्या पौंडाचा फरक विश्वासाने वाचता येत नाही.

दुसरे वाक्य ‘गाडी वळत नाही’ हे पहिल्याहून अधिक अवघड आहे. कारण त्याचा उलगडा होण्यास कार्टची घडण समजावी लागते. बैलगाडीत कणा स्थिर असतो व दोन्ही चाके त्यावर स्वतंत्रपणे फिरतात. म्हणून वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे अधिक फिरते, आणि कोणाचे कोणाशी भांडण नसते. मोटारीत हेच काम डिफरन्शियल करते. कार्टला ते नाही, स्प्रिंगाही नाहीत. लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेल येथे आर्ट इंगल्स ह्यांनी १९५६ साली हिरवळ कापण्याच्या यंत्राचे एंजिन लावून पहिली कार्ट बांधली (ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टीही त्याच वर्षी ४ ऑगस्टला कार्यान्वित झाली, हा केवळ योगायोग), तेव्हापासून हा साधेपणा तिचे लक्षण ठरला आहे. मागची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असतात. त्यांच्यातील अंतर १.२ मीटर धरले, तर अर्ध्या वर्तुळाच्या वळणात बाहेरच्या चाकास आतल्याहून सुमारे ३.८ मीटर अधिक जावे लागते, मग वळण मोठे असो की लहान. आस एकच असल्याने हे अंतर कोणी तरी घसरूनच भरून काढावे लागते. घसरणे टाळावयाचे तर आतले मागचे चाक वळणात क्षणभर जमिनीवरून सुटले पाहिजे. पुढच्या चाकांच्या खुंट्या मागे झुकविलेल्या असतात (ह्या कलास ‘कॅस्टर’ म्हणतात), त्या ह्याचसाठी: सुकाणू फिरविताच आतले पुढचे चाक खाली दाबले जाते, बाहेरचे वर जाते, चौकट पिळवटते आणि आतले मागचे चाक हलके होते.

आता चालक परत येऊन म्हणतो, ‘पुढचे घसरते.’ ‘अंडरस्टीअर’ ह्या इंग्रजी शब्दापेक्षा मला हे मराठी वाक्य अधिक पसंत आहे. इंग्रजी शब्द चालकाची अपेक्षा व गाडीचे वळणे ह्यांतील तफावत तेवढी सांगतो, मराठी वाक्य कोणते चाक घसरले ते सांगते. तथापि वाक्याचा कर्ता आणि घटनेचे कारण एक असतेच असे नाही. आतले मागचे चाक उचललेच गेले नाही, तर जखडलेला आस गाडीला सरळ रेटतो, आणि घसरतात मात्र पुढची चाके. अशा वेळी पुढच्या टायरातील दाब कमीअधिक करीत बसणे व्यर्थ होय. कॅस्टर थोडा वाढवावा, किंवा पुढच्या चाकांतील अंतर वाढवावे. दोहोंनी मागचे चाक उचलण्यास साहाय्य होते. याउलट चाक वेळेवर उचलले जात असूनही पुढचे घसरत असेल, तर टायरकडे वळणे रास्त. अधिक दाबाचा टायर लौकर तापून लौकर पकड देतो, पण लांब पल्ल्यात अति तापून ती गमावतो. कमी दाबाचा सावकाश तापतो व त्याच्या कडा वळणात अधिक लवतात. म्हणून ‘पहिल्या दोन फेऱ्यांत घसरते’ आणि ‘दहाव्या फेरीनंतर घसरते’ ह्या दोन तक्रारींवर उपाय परस्परविरुद्ध आहेत, आणि ‘गाडी वळत नाही’ ह्या वाक्यात दोन्ही गडप होतात.

एंजिन बहुधा चालकाच्या एका बाजूस असल्यामुळे डावे व उजवे वळण सारखे नसते, हेही नोंदीत यावे. तेव्हा चालकाकडून घ्यावयाचे वाक्य साधारण असे असावे: ‘डाव्या वळणात, मध्यावर, आठव्या फेरीपासून पुढचे घसरते.’ कडेला उभे राहून आतले मागचे चाक पाहणाऱ्याने त्यात जोड द्यावी: ‘चाक जमिनीवरच होते.’ त्याखाली चारही टायरांचे थंड व गरम आकडे लिहावेत, गरम आकडे गाडी थांबताच घ्यावेत, आणि मग एकच गोष्ट बदलून, शक्य तर उन्हाचा ताप तेवढाच असताना, गाडी पुन्हा त्याच वळणावर न्यावी.